उंबरठ्यावरचे वचन : स्वतंत्र व्हिडिओ गेमच्या मुखचित्राचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

मुखपृष्ठाची कला मराठी वाचकाला अपरिचित नाही. दीनानाथ दलाल यांनी ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांतून या कलेला मिळवून दिलेली प्रतिष्ठा सर्वश्रुत आहे. मात्र मुखपृष्ठाची समीक्षा आपल्याकडे पुस्तके व नियतकालिके यांच्यापुरतीच मर्यादित राहिली. व्हिडिओ गेम हीदेखील एक कलाकृती आहे, तिलाही मुखपृष्ठ असते आणि ते स्वतंत्र विवेचनास पात्र आहे, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

फ्रेंच समीक्षक झेरार झनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा संहितेभोवतीच्या सामग्रीचा विचार केला. त्या ग्रंथाच्या शीर्षकाचाच अर्थ ‘उंबरठे’ असा आहे. उंबरठा धड घरात नसतो आणि धड बाहेरही नसतो. आत काय आहे याची पहिली कल्पना मात्र तेथेच येते. मोठ्या प्रकाशनसंस्थेचे पाठबळ नसलेल्या, एकट्यादुकट्या कलावंताने वा लहान गटाने निर्माण केलेल्या स्वतंत्र गेमच्या बाबतीत हा उंबरठा विशेष निर्णायक ठरतो. अनेक वर्षांचे श्रम पाहणाऱ्याच्या क्षणभराच्या दृष्टिक्षेपावर अवलंबून असतात. असे मुखचित्र परिणामकारक केव्हा होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात काही निवडक उदाहरणांच्या आधारे केला आहे.

चौकट आणि नियम :

संगणकीय गेमच्या विक्रीचे प्रमुख संकेतस्थळ ‘स्टीम’ हे २००३ साली सुरू झाले. २०१७ पासून तेथे शंभर डॉलर शुल्क भरून कोणालाही आपला गेम मांडता येतो. २०२४ या एका वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक गेम प्रसिद्ध झाले. या गर्दीत प्रत्येक गेमची ओळख ज्या चित्राने होते त्याला तेथे ‘कॅप्सूल’ म्हणतात. लहान कॅप्सूलची मूळ प्रत ४६२ × १७४ पिक्सेल असते व तिच्यापासून १८४ × ६९ आणि १२० × ४५ पिक्सेलची आणखी लहान रूपे तयार होतात. म्हणजे शोधयादीत दिसणाऱ्या चित्राची उंची बोटाच्या पेराएवढीही उरत नाही.

कालांतराने या इवल्याशा चौकटीत पुरस्कारांची नावे, परीक्षणातील गुण आणि सवलतीच्या घोषणा यांची दाटी झाली. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने त्यांना मनाई केली. कॅप्सूलवर गेममधील कला, गेमचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच असावे, असा नियम झाला. असा मजकूर बहुधा इंग्रजीत असल्याने इतर भाषिक त्यापासून वंचित राहतात, हेही एक कारण देण्यात आले. हा नियम व्यापारी सोयीसाठी झाला असला तरी त्याचा सौंदर्यशास्त्रीय परिणाम महत्त्वाचा आहे. इतरांनी दिलेली प्रशस्तिपत्रे गळून पडल्यावर चित्राला स्वतःच्या बळावर बोलणे भाग पडले.

‘इको’ची दोन मुखपृष्ठे :

चित्राने काय बोलावे, हा प्रश्न ‘इको’ (२००१) या गेमच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. हा गेम सोनी या बलाढ्य कंपनीचा. त्यास स्वतंत्र म्हणता येत नाही. तथापि एकाच कृतीला दोन भिन्न मुखपृष्ठे लाभल्याने तुलनेस तो सोयीचा आहे. जपानी व युरोपीय आवृत्तीचे चित्र दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगविले. इटालियन चित्रकार ज्योर्ज्यो दे किरिको यांच्या ‘द नॉस्टॅल्जिया ऑफ द इन्फिनिट’ या चित्रापासून त्यांनी प्रेरणा घेतली होती. विस्तीर्ण निर्मनुष्य वास्तू, लांबच लांब सावल्या आणि एकमेकांचा हात धरून धावणाऱ्या दोन चिमुकल्या आकृती असे त्याचे स्वरूप आहे. उत्तर अमेरिकेतील प्रकाशनाच्या वेळी हे चित्र तयार नसल्याने तेथे मुलाच्या संगणकनिर्मित चेहऱ्याला प्राधान्य देणारे वेगळेच मुखपृष्ठ आले.

‘इको’मध्ये खेळणारा प्रत्यक्षात करतो काय? तो एका मुलीचा हात धरून तिला किल्ल्याबाहेर नेतो. हात धरणे हीच या गेमची मध्यवर्ती कृती आहे. उएदांच्या चित्रात ती कृती आहे. अमेरिकी चित्रात भर नायकावर आहे. पहिले चित्र खेळणाऱ्याला त्याने करावयाच्या गोष्टीचे वचन देते, तर दुसरे केवळ नायकाचा परिचय करून देते. या दोहोंतील अंतर हा मुखचित्राच्या मूल्यमापनाचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे एक अडचण उद्भवते. उएदांचे चित्र हातात धरावयाच्या खोक्यासाठी होते. एखादी आकृती चित्राच्या उंचीचा दहावा भाग व्यापत असेल, तर ४५ पिक्सेल उंचीच्या कॅप्सूलमध्ये तिच्या वाट्याला चारपाच पिक्सेल येतील. त्यात हातात घेतलेला हात दिसणे अशक्य. तेव्हा कृतीचे वचन लहान आकारात कसे टिकवावे, हा आजच्या स्वतंत्र कलावंतापुढील खरा प्रश्न आहे.

लहान आकारातील दोन उत्तरे :

टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) त्याचे अत्यंत काटकसरीचे उत्तर दिले. काळ्या पार्श्वभूमीवर नावाची पांढरी अक्षरे आणि त्या अक्षरांतच बसविलेले लाल हृदय. गेममधील संघर्षाच्या प्रसंगी खेळणारा स्वतः या लाल हृदयाच्या रूपाने वावरतो व शत्रूला मारावे की सोडून द्यावे हा निर्णय त्याच्यावर सोपविलेला असतो. ही सारी नैतिक कोंडी एका लाल ठिपक्यात साठविली आहे. चित्र कितीही लहान झाले तरी तो ठिपका पुसला जात नाही. येथे साधेपणा दारिद्र्याचे लक्षण राहत नाही. गेमच्या ओबडधोबड चित्रशैलीशी तो प्रामाणिक आहे.

ॲडलेड येथील ‘टीम चेरी’च्या ‘हॉलो नाइट’ने (२०१७) आकृतीचा मार्ग स्वीकारला. त्यातील नायकाचा दोन शिंगांचा पांढरा मुखवटा आणि त्यातील दोन काळ्या खोबणी गडद पार्श्वभूमीवर दुरूनही ओळखू येतात. गेममध्ये नायकाची उरलेली प्राणशक्ती मुखवट्यांच्या संख्येनेच मोजली जाते आणि ‘पोकळ’ असणे हा कथेचा मूलभूत विषय आहे. मुखवट्यातील रिकामे डोळे हे अलंकरण म्हणून आलेले नाहीत. आशयच तेथे आकाराला आला आहे.

लघुचित्राची परंपरा आणि ‘राजी’ :

पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने निर्माण केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा गेम या विवेचनास वेगळे परिमाण देतो. त्याच्या दृश्यरचनेवर पहाडी चित्रशैलीचा व राजस्थानी वास्तुकलेचा प्रभाव आहे, तर कथेचे काही प्रसंग छाया-बाहुल्यांच्या रूपाने उलगडतात. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका.

पहाडी लघुचित्र आणि कॅप्सूल दोन्ही आकाराने लहान. परंतु त्यांची पाहण्याची रीत परस्परविरुद्ध आहे. लघुचित्र रसिकाला जवळ बोलावते. डोळा जितका जवळ जावा तितके पान, दागिना, पदराची किनार उलगडत जाते. कॅप्सूलच्या जवळ गेल्यास केवळ पिक्सेल दिसतात. त्यामुळे ज्या परंपरेचे सामर्थ्य तपशिलात आहे, तिला या चौकटीत स्वतःचा परिचय देणे कठीण जाते. ‘राजी’च्या प्रचारचित्रांत शस्त्रधारी नायिकेची आकृती ठळक ठेवलेली दिसते. तंत्रदृष्ट्या हा निर्णय योग्य आहे. मात्र त्याची किंमतही आहे. शस्त्र उगारलेली आकृती अनेक साहसी गेममध्ये आढळते. ‘राजी’ला इतरांहून वेगळे करणारे भित्तिचित्रमय विश्व मात्र उंबरठ्याच्या आतच राहते.

यावर अंशतः उपाय आहे. गेम विकत घेतल्यावर खरेदीदाराच्या संग्रहात दिसणारी उभी कॅप्सूल ६०० × ९०० पिक्सेलची असते. तपशिलाला तेथे वाव मिळतो. एकच चित्र कापून सर्व चौकटींत बसविण्यापेक्षा प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्र रचना करणे श्रेयस्कर होय.

मर्यादा :

उपरोक्त विवेचनातून यशाचे सूत्र काढणे धाडसाचे ठरेल. ‘अमंग अस’ हा गेम २०१८ साली आला, पण त्याला अफाट लोकप्रियता लाभली ती २०२० मध्ये, इतरांचे खेळणे थेट प्रक्षेपणातून पाहणाऱ्या प्रेक्षकांमुळे. मुखचित्र गेमला दारापर्यंत आणू शकते. पुढचे सर्व त्याच्या हाती नसते. म्हणूनच विक्रीचा आकडा हा चित्राच्या गुणवत्तेचा पुरावा मानता येत नाही. लोकप्रिय गेमच्या चित्रांची नक्कल करण्याची प्रवृत्तीही याच गैरसमजातून येते. गेमचा प्रकार ओळखू येण्यापुरते संकेत आवश्यक आहेत, परंतु सर्वांनी तेच संकेत वापरल्यास चित्र ओळखू येते आणि गेम मात्र ओळखू येत नाही. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेल्या सामग्रीची माहिती द्यावी लागते. चित्र कशाने काढले याहून ते याच गेमचे आहे काय, हा प्रश्न त्या संदर्भातही अधिक मूलगामी आहे.

निष्कर्ष :

१. परिणामकारक मुखचित्रात नाव आणि एक आकृती किंवा खूण सर्वांत लहान आकारातही टिकून राहते.

२. ती खूण खेळणाऱ्याच्या मध्यवर्ती कृतीशी वा गेमच्या मूळ आशयाशी निगडित असावी लागते. केवळ वातावरणनिर्मिती पुरेशी नाही.

३. तपशीलप्रधान भारतीय चित्रपरंपरांचा आधार घेणाऱ्या कलावंतांनी प्रत्येक चौकटीसाठी वेगळी रचना करणे आवश्यक आहे.

ॲनिमेशन, उपयोजित कला, संगणकशास्त्र व वाणिज्य या शाखांचे अध्यापक या विषयाकडे आपापल्या बाजूने पाहतात. विद्यार्थ्याला मुखचित्र काढावयास सांगण्यापूर्वी ‘तुझ्या गेममध्ये खेळणारा काय करतो?’ हे एका वाक्यात लिहून घेतल्यास या सर्व बाजू एकत्र येऊ शकतील. ज्याला ते वाक्य लिहिता येत नाही, त्याची अडचण बहुधा चित्रात नसून गेममध्येच असते आणि ती वेळीच लक्षात येणे त्याच्या हिताचे आहे.