उतरणीचा वृत्तांत

‘स्टीप’ हा माहितीपट मी पाहिला वैशाखऱ्याला, चुलतभावाच्या ओट्यावर, मोबाइलवर. चैत्र चालू होता. समोर नाणेघाटाचा नानाचा अंगठा तापत उभा होता आणि स्क्रीनवर माणसं बर्फाच्या घळीतून खाली झेपावत होती. रेंज गेली की माणूस हवेतच अडकून राहायचा.

मार्क ओबेनहाउसचा हा २००७ सालचा माहितीपट उभ्या उतारांवरच्या स्कीइंगचा आहे. दोन कड्यांमधल्या अरुंद घळीला तिकडे कुलुआर म्हणतात. म्हणजे आपली नाळ किंवा नळीच, फक्त दगडगोट्यांऐवजी बर्फानं भरलेली. घड्याळही सारखंच. वसंतात रात्री गोठलेलं बर्फ सकाळी वरवर मऊ होतं, तेवढ्यात उतरून घ्यायचं. दुपारी ते भिजून सुटायला लागतं. आपल्याकडे चैत्रात नाळेत शिरायचं ते झुंजूमुंजूला, कारण अकरानंतर कातळ हात लावू देत नाही.

मला सर्वांत आवडली ती बिल ब्रिग्जची गोष्ट. १९७१ साली तो ग्रँड टीटन शिखरावरून स्कीवर उतरला. पुरावा काय? बर्फावर उमटलेली त्याची वळणदार रेघ, आणि दुसऱ्या दिवशी काढलेला तिचा फोटो. एवढंच.

पुढं अलास्का येतं, हेलिकॉप्टर येतं, आणि सिनेमा माझ्या हातून सुटतो. हेलिकॉप्टर शिखरावर नेऊन सोडतं. चढणीतली धाप, कंटाळा, ‘इथूनच मागं फिरू या का’ ही कुजबुज, सगळं गायब. आमच्या रील्स तरी काय वेगळ्या? ड्रोन कोकणकड्यावरून अलगद वर येतो आणि बेलपाड्यापासूनचे घामाचे तास कुठं जातात ते कळत नाही.

डग कूम्ब्स या सिनेमात बोलताना दिसतो, हसरा, सहज. सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा तो राहिला नव्हता. ३ एप्रिल २००६ ला फ्रान्समधल्या ला ग्राव इथं एका घळीत त्याचा मित्र घसरून कड्यावरून गेला. मित्र कुठं पडला ते बघायला कूम्ब्स कडेशी सरकला आणि तोही घसरला. दोघंही गेले. अशा सिनेमांच्या भाषेत मरण हे भरभरून जगल्याची पावती ठरतं. ते मला पटत नाही. कडेशी सरकताना तो काही थरार शोधत नव्हता, मित्राला शोधत होता. थराराच्या शब्दकोशात या हालचालीला शब्दच नाही.

हे मी इतक्या तावातावानं लिहितोय, कारण दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आम्ही पाच जण नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. बेलपाड्याचे एक मामा पुढं होते. आपल्या पायाखालचा दगड सुटला तर कुणावर जाईल, हे बघूनच पाय टाका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत माझ्या पायाखालचा सुटला. ‘दगड!’ म्हणून मी ओरडलो, तोवर तो मित्राच्या खांद्यावर आदळून खाली गडगडत गेला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं. मामांनी टॉवेल फाडून त्याचा हात गळ्यात बांधला आणि कातळाच्या एका टप्प्यावर त्याचा सगळा भार स्वतःच्या पाठीवर घेतला. खाली यायला सहा तास लागले.

मग मी ब्लॉगवर वृत्तांत लिहिला: ‘वेळेअभावी अर्ध्यातून परत फिरलो.’ सहा तास चार शब्दांत. मामा झाले ‘स्थानिक वाटाड्या’.

आपला ट्रेकवृत्तांत असाच घडत आलाय. कल्याण स्टेशनला भेटणं, शेवटची एसटी, पिठलं-भाकरी, कड्यावर पालथं पडून खाली डोकावणं, आणि शेवटी ‘निवांत उतरलो’. घाबरलेल्या माणसाला त्यात जागा नाही, चुकलेल्याला तर मुळीच नाही. (नाणेघाटाच्या लेण्यातला सातवाहन राणीचा ब्राह्मी लेखही मला याच कुळातला वाटतो. किती यज्ञ केले, किती गाई, घोडे, कार्षापण दान दिले, सगळं खोदलंय. घाटातून ओझी वाहणाऱ्यांबद्दल अक्षर नाही.)

‘स्टीप’ संपल्यावर मी मित्राला फोन केला. म्हटलं, तो जुना वृत्तांत काढतो आणि नीट लिहितो, दगड माझ्या पायाखालचा होता हे धरून.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लिही. फक्त माझं नाव घालू नको. आईला अजून वाटतं मी बाइकवरून पडलो.”