'पॉश'ची गोष्ट आणि 'डॉर्ड'चं भूत

इंग्रजीतल्या चमत्कारिक शब्दांच्या याद्या आपण सगळेच आवडीने वाचतो. आमची तक्रार एवढीच, की या याद्यांत प्रत्येक शब्दाला एक गोष्ट चिकटवलेली असते आणि तिचा पुरावा कोणी मागत नाही.

'पॉश' घ्या. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने हिंदुस्थानात येणारे श्रीमंत साहेब जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची केबिन घेत, कारण तिथे ऊन कमी. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश! मुंबईच्या श्रोत्याला तर ही गोष्ट घरचीच वाटते. पण तो शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय 19व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बोलीत 'पॉश' म्हणजे पैसा, छानछोकी करणारा माणूस, असे अर्थ होतेच. चांगले कोश इथे सरळ लिहितात : व्युत्पत्ती अनिश्चित. वाचक मात्र बोट सोडायला तयार नाही.

आता उलट बाजू बघा. 1934च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' असा शब्द छापला गेला, अर्थ : घनता. असा शब्दच नव्हता! 1931मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकाने चिठ्ठी पाठवली होती, की 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी, हे घनतेचं संक्षिप्त रूप. चिठ्ठी चुकीच्या गठ्ठ्यात गेली, अक्षरं एकमेकांना चिकटली आणि शब्द जन्मला. 1939मध्ये एका संपादकाला तो खटकला. का? तर त्याला व्युत्पत्तीच दिलेली नव्हती. आम्हाला यात गंमत वाटते ती ही, की 'डॉर्ड'जवळ गोष्ट नव्हती म्हणून तो पकडला गेला. एखादी बरी लॅटिन कुळी कोणी जोडून दिली असती, तर कदाचित अजून नांदला असता.

मग 'मंगूस' आपल्या 'मुंगूस'वरून आला, हे तरी का मानायचं? अभिमान म्हणून नव्हे. उच्चार जुळतो, प्राणी तोच आहे, आणि 17व्या शतकात सुरत-मुंबईकडे राहिलेल्या जॉन फ्रायरच्या 1698च्या प्रवासवर्णनात तो आढळतो. शब्द जिथे ऐकला गेला ती जागा आणि छापला गेला ते वर्ष, दोन्ही दाखवता येतात. 'पॉश'च्या बोटीबद्दल यातलं काहीच दाखवता येत नाही.