जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतील उत्तरभूमी : भूगोल व परिसंस्था – एक चिकित्सा

अद्भुतरम्य कादंबरीतील भूगोलाचा विचार बहुधा नकाशापुरता मर्यादित राहतो. पर्वत, नद्या व किल्ले यांची नावे आणि त्यांचा कथानकाशी असलेला संबंध सांगून समीक्षक थांबतो. त्या भूमीत धान्य कोठून येते, जनावरे कशावर जगतात, हे प्रश्न गौण मानले जातात. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेच्या बाबतीत मात्र ते टाळता येत नाहीत. १९९६ ते २०११ या काळात प्रसिद्ध झालेल्या मालेतील पाच कादंबऱ्यांत वेस्टेरॉस या कल्पित भूखंडाचा उत्तर भाग हा हिवाळ्याच्या धाकात जगणारा प्रदेश आहे, आणि लेखकाने त्या धाकालाच कथेचा पाया केले आहे. तो पाया किती भक्कम आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या उत्तरभूमीचा विस्तार उरलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या एकत्रित विस्ताराएवढा सांगितला आहे; वस्ती मात्र विरळ. दक्षिणेस 'नेक' नावाची दलदल, मध्यभागी माळराने व सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य, आणि उत्तर सीमेवर सुमारे ३०० मैल लांब व ७०० फूट उंच अशी बर्फाची भिंत. रोमनांनी इ. स. १२२ पासून ब्रिटनमध्ये बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवरून ही कल्पना सुचल्याचे मार्टिन यांनी सांगितले आहे. ती दगडमातीची भिंत अवघी ७३ मैलांची होती. एवढ्या उंचीचे बर्फ स्वतःच्या भाराखाली हळूहळू वाहू लागते, त्यामुळे कड्यासारखे उभे राहू शकत नाही; परंतु भिंतीत मंत्रसामर्थ्य असल्याचे कथेतच सांगितले असल्याने हा आक्षेप फारसा टिकत नाही. नेकच्या दलदलीत मगरसदृश 'लिझर्ड-लायन' राहतात, ही बाब अधिक अडचणीची आहे. अमेरिकेतील ॲलिगेटर पाणी गोठल्यावर नाकपुड्या बर्फाबाहेर काढून काही दिवस तग धरतो. वर्षानुवर्षांचा हिवाळा शीतरक्ताच्या प्राण्याला कसा सोसवावा?

खरा प्रश्न ऋतूंचा आहे. पहिल्या कादंबरीच्या आरंभी उन्हाळ्याचे नववे वर्ष चालू आहे आणि ब्रॅन हा मुलगा सात वर्षांचा आहे; हिवाळा त्याने पाहिलेलाच नाही. मराठीतील 'ऋतू' या शब्दाचे 'ऋत' म्हणजे नियत क्रम याच्याशी नाते आहे. त्या अर्थाने मार्टिन यांच्या जगात ऋतू आहेत, पण ऋत नाही. २०१३ साली काही खगोलशास्त्रज्ञांनी दोन ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या साहाय्याने याचा उलगडा करण्याचा विनोदी पण गणिती प्रयत्न केला. कारण वैज्ञानिक नसून जादूचे आहे, असे मार्टिन यांचे म्हणणे आहे. ते मान्य करावे. परंतु कारण अद्भुत असले तरी परिणाम नैसर्गिकच असावे लागतात. ज्या झाडाला वर्ष कळत नाही, त्याने पाने केव्हा गाळावी, बी केव्हा धरावे? या अरण्यांतील ओक व पाइन वृक्ष मात्र आपल्या ओळखीच्याच वृक्षांसारखे वागतात. येथे लेखकाने विचार केलेला दिसत नाही.

याउलट, माणसाच्या पोटाचा प्रश्न आला की मार्टिन यांची दृष्टी विलक्षण सूक्ष्म होते. विंटरफेलच्या भिंतींतून उष्ण झऱ्यांचे पाणी खेळविलेले आहे आणि तेथे काचेच्या छपराखाली भाजी पिकते. आइसलँडमध्ये भूगर्भातील उष्णतेवर चालणारी हरितगृहे विसाव्या शतकात प्रत्यक्षात आली. किल्ल्याबाहेरचे गाव उन्हाळ्यात बहुतांशी ओस असते आणि हिवाळा आला की आसपासचे शेतकरी तेथे राहावयास येतात. शरद ऋतूत तरुण मंडळी युद्धासाठी दक्षिणेस गेल्याने उभे पीक कापावयास हात उरत नाहीत. युद्धाची ही किंमत रणांगणाच्या वर्णनांपेक्षा अधिक बोलकी आहे. पाचव्या कादंबरीत सीमेवरील पहारेकरी दलाचा नायक जॉन स्नो कोठीचा अधिकारी बोवेन मार्श याच्यासह तळघरातील साठ्याची मोजदाद करतो. खारवलेले मांस, कंदमुळे, चीज यांची ती नीरस यादी म्हणजे मालेतील परिसंस्थेचे सर्वांत प्रामाणिक प्रकरण होय. भिंतीपलीकडच्या लोकांना आत घेतले तर खाणारी तोंडे वाढणार, हा मार्शचा हिशेब चुकीचा नाही. जॉनला त्यासाठी ब्राव्होसच्या पेढीकडून कर्ज काढावे लागते. पुढे जॉनवर सुरे चालविणाऱ्यांत मार्श असतो. त्यामागे इतर कारणेही आहेत, तथापि दोघांतील तेढ या कोठारापासूनच वाढत गेलेली दिसते. डोंगरी टोळ्यांतील वृद्ध कडक हिवाळ्यात शिकारीस जातो म्हणून निघून जातात व परतत नाहीत, ही प्रथा लेखक ओझरती सांगतो. तेवढे पुरेसे आहे.

कोठार नसलेल्या भूमीत मात्र हे भान सुटते. भिंतीपलीकडे घनदाट अरण्य आहे आणि तेथे राक्षसकाय माणसे मॅमथवर स्वार होऊन येतात. पृथ्वीवरील केसाळ मॅमथ शीत व कोरड्या गवताळ प्रदेशात चरत असे. ते गवत हटून ओलसर टुंड्रा व जंगल पसरले, तसा तो आटत गेला आणि रँगेल बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वी संपला. मार्टिन यांच्या अरण्यात त्याला पुरेल एवढा चारा कोठे दिसत नाही. 'डायर वुल्फ'ची स्थितीही वेगळी नाही. या लुप्त प्राण्याचे अवशेष लॉस एंजेलिस येथील डांबराच्या डबक्यांत हजारोंनी सापडले आहेत; तो हिमाचा नव्हे, मुख्यतः अमेरिकेच्या अधिक दक्षिणेकडील अक्षांशांचा रहिवासी होता. प्रतीक म्हणून तो शोभतो, अन्नसाखळीत त्याची जागा निश्चित होत नाही.

मुक्त टोळ्यांचा हजारोंचा जमाव मॅन्स रेडरच्या मागे दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा तो वाटेत काय खातो याविषयी तिसरी कादंबरी जवळजवळ मौन पाळते. त्या लोकांची भूक खऱ्या अर्थाने कथेत येते ती पाचव्या कादंबरीत, जमाव फुटून पांगल्यावर. हार्डहोमच्या किनाऱ्यावर अडकलेले लोक आपल्याच मृतांचे मांस खात असल्याची वार्ता तेथून येते, आणि ती येते पहारेकरी दलाच्या एका अधिकाऱ्याच्या पत्रातून.