जुना नकाशा कसा वाचू नये

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आज माझा सूर थोडा तक्रारीचा असणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गावाचा इतिहास लिहिण्याचा उत्साह खूप वाढलाय. शाळेच्या शताब्दीचा अंक निघतो, यात्रेच्या निमित्ताने पुस्तिका निघते, तरुण मुलं व्हिडिओ करतात. ही चांगली गोष्ट आहे. आणि या सगळ्यात एक जुना नकाशा हटकून असतो. पिवळट कागद, इंग्रजी अक्षरं, कोपऱ्यात एखादं साल. खाली ओळ असते, ‘आमच्या गावाचा ब्रिटिशकालीन नकाशा’. बस. पुढच्या पानापासून पुन्हा देवळाची आख्यायिका सुरू. म्हणजे नकाशा छापला जातो, वाचला जात नाही. आणि जिथे वाचला जातो, तिथे तो वेदवाक्य समजून वाचला जातो. या दोन्ही गोष्टींबद्दल मला बोलायचं आहे.

आधी कोणत्या नकाशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, स्थापना १७६७. या खात्याचे स्थलवर्णन नकाशे, ज्यांना आपण ‘टोपोशीट’ म्हणतो, ते बराच काळ एक इंचाला एक मैल या प्रमाणात निघत. म्हणजे १:६३,३६०. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि १:५०,००० ची मालिका सुरू झाली. प्रत्येक शीट पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश एवढा चौकोन दाखवतं. पुणे शहर ४७ एफ/१४ या शीटमध्ये येतं. तपकिरी रेषा उंचीच्या, निळा रंग पाण्याचा, पिवळा लागवडीखालच्या जमिनीचा, हिरवा झाडीचा, लाल रस्त्यांचा आणि वस्तीचा. कोरडा ओढा काळ्या रेषेने दाखवतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते काळी रेघ बघून वाट समजतात.

आता एक ठिकाण धरून बोलू, नाहीतर सगळं हवेत राहील. इंदापूर तालुक्याचा भीमाकाठ घ्या. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. क्षमता सुमारे ११७ टीएमसी. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, नवी गावठाणं वर माळावर वसली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की उघडं पडतं. मग वर्तमानपत्रांत फोटो येतात, लोक बघायला जातात. भिगवणला रोहित पक्षी बघायला जातात, तोच हा जलाशय. अशा ठिकाणी धरणाआधीचा नकाशा म्हणजे केवढा मोठा ऐवज, हे मी वेगळं सांगायला नको. म्हणूनच तो चुकीचा वाचला तर नुकसानही तेवढंच मोठं आहे.

पहिली चूक सालाची. कोपऱ्यात छापलेलं साल बघून लोक म्हणतात, ‘१९५५ साली आमचं गाव असं होतं.’ अहो, ते छपाईचं साल आहे! पाहणी कधी झाली ते समासात वेगळं लिहिलेलं असतं, आणि दोन्हींत कित्येकदा दोन-तीन दशकांचं अंतर असतं. अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताची १:२,५०,००० ची मालिका काढली. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती सर्वांसाठी खुली ठेवली आहे, आणि म्हणून व्हिडिओंमध्ये सगळीकडे तीच दिसते. पण त्या नकाशांसाठी कोणी भीमाकाठी येऊन पाहणी केलेली नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या आधीच्या नकाशांवरून ते घरबसल्या जुळवलेले आहेत. म्हणजे साल पन्नाशीचं, गाव त्याच्याही आधीचं. माझा आग्रह एवढाच की नकाशा हातात आला की आधी समास वाचा, गाव नंतर शोधा.

दुसरी चूक जागेची. हल्ली जुना नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवतात. करण्यासारखी गोष्ट आहे, पण कडेच्या रेखांशांवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर फसगत होते. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर बसवलेले होते. ते मूल्य पुढे सुमारे अडीच मिनिटांनी चुकीचं ठरलं. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे चार किलोमीटरांहून जास्त. मी स्वतः सुरुवातीला असा एक नकाशा ठेवला आणि ‘गाव पूर्वी पलीकडच्या ओढ्यावर होतं’ असा शोध लावून मोकळा झालो होतो. गाव जागेवरच होतं, मीच सरकलो होतो. (हशा.) नकाशा बसवायचा तो नद्यांचे संगम, जुने पूल, टेकडीची माथी अशा न हललेल्या खुणांवर.

आणि प्रमाण विसरू नका. एक इंचाला एक मैल या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. अशा नकाशावर दोन भावांच्या बांधाचं भांडण सुटत नाही. तरी लोक तो घेऊन तहसीलमध्ये जातात.

तिसरी चूक नावांची. पाहणी करणारा माणूस पाटलाला, कोतवालाला विचारून नाव लिहून घ्यायचा आणि ते रोमन लिपीत जायचं. रोमन लिपीत ळ नाही, ण नाही. पळस तिथे ‘पलस’ होतो. आता आपलाच माणूस तो नकाशा बघून नाव परत मराठीत आणतो आणि त्यावर व्युत्पत्ती रचतो. कळस या गावाचा ‘कलश’ करायला कितीसा वेळ लागतो? एकदा कलश झाला की त्यातून सोन्याचा कलश निघतो, मग तो पुरणारा राजाही निघतो! असल्या व्युत्पत्ती मी पुस्तिकांमध्ये वाचतो तेव्हा वाईट वाटतं, कारण गावात अजून आजी जिवंत असते. तिला विचारलं असतं तर तिने नाव बिनचूक उच्चारलं असतं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. नकाशात काय नाही? पाहणीची पथकं पावसाळा संपला की बाहेर पडत आणि उन्हाळ्याच्या शेवटी परतत. पावसाळ्यात कचेरीत बसून रेखाटन चाले. म्हणजे टोपोशीटने आपलं गाव फक्त कोरड्या दिवसांत पाहिलंय. आषाढात ओढा भरल्यावर कुठली वस्ती तुटायची, हे तिथे सापडणार नाही. विहीर दिसते. बांधीव की कच्ची तेही कळतं. पण त्या विहिरीवर कोणाला पाणी भरता येत होतं आणि कोणाला लांब उभं राहून ओंजळ पुढे करावी लागत होती, ते नकाशा सांगत नाही. गावाबाहेर थोडे अलग ठिपके दिसतात. ते कोणाचे, हे गावात प्रत्येकाला माहीत असतं. पुस्तिकेत मात्र ते ठिपके येत नाहीत. इथे दोष नकाशाचा नाही हो, आपला आहे. त्याने निदान ठिपके तरी दिले.

आता काही जण म्हणतील, मग गावनकाशा घ्या, तो अचूक असतो. बरोबर आहे, पण तोही कोणाच्या तरी कामासाठीच काढलेला आहे. आणि गंमत बघा, मुंबई इलाख्यातली जमीनमोजणीची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली, ती गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये सुरू केली ती याच इंदापूर तालुक्यात. ३३ फुटांची साखळी, ४० गुंठ्यांचा एकर, सर्व्हे नंबर, ३० वर्षांचा बंदोबस्त. त्या मोजणीचा प्रश्न एकच होता, या तुकड्यावर सारा किती बसेल. म्हणून गावनकाशात शेताचा प्रत्येक बांध आहे, पण टेकडीची उंची नाही. टोपोशीटमध्ये टेकडीची उंची आहे, पण बांध नाही. एकाला फौज आणि रस्ता न्यायचा होता, दुसऱ्याला महसूल. आणि ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता तो दुसऱ्याच्या दृष्टीने नव्हताच. धरणाच्या वेळी याचा अर्थ काय झाला असेल, ते ओळखा. भूसंपादन जमिनीच्या नोंदीवर चालतं. कागदात ज्याचं नाव नाही, त्याला ‘माझंही काही बुडालं’ हे सिद्ध करायला साक्षीदार शोधावे लागतात.

मग हे सगळं कशासाठी वाचायचं? एक उदाहरण देतो आणि संपवतो.

मे २०२४ मध्ये करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूरच्या बाजूच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा माणसं गेली. बातम्या वाचून शहरातल्या पुष्कळांना प्रश्न पडला, लोक एवढ्या मोठ्या पाण्यात लहानशा बोटीने जातातच कशाला? या प्रश्नाचं अर्धं उत्तर जुन्या नकाशात आहे. धरणाआधी इथे जलाशय नव्हता, नदी होती. उन्हाळ्यात उतार मिळणारी. धरणाआधीच्या शीटवर दोन्ही काठांच्या पायवाटा हाताने गिरवून बघा. कुठे नदीला भिडतात, पलीकडे कुठून पुन्हा निघतात, ते टिपून ठेवा. भिगवणजवळ डिकसळचा जुना पूल आहे. मुळात तो रेल्वेचा. धरणामुळे लोहमार्ग हलला आणि पूल रस्त्याला मिळाला. जुन्या शीटवर त्यावरून रुळांची रेघ जाते. भीमा ही दोन तालुक्यांची सीमा असली तरी लोकांचा व्यवहार ती ओलांडून चालायचा. सोयरिकी, बाजार, देवाची यात्रा, सगळं. पाणी चढलं, वाटा बुडाल्या, नाती तशीच राहिली. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. म्हणून बोट.

हे उत्तर मिळालं की गावाचा इतिहास आख्यायिकेपुरता राहत नाही. ‘इथे पूल द्या’ या मागणीला आधार मिळतो. तसंच पाणंदीचं. गावनकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. रस्ता कोणी नांगरून घेतला असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली दाद मागता येते. तिथे ती तुटक रेष कामाची ठरते. पण ती ओळखणारा माणूस गावात पाहिजे ना!

तर माझी विनंती एवढी. पुस्तिका काढाल तेव्हा नकाशाशेजारी पाहणीचं साल आणि प्रमाण छापा. टोपोशीट आणि गावनकाशा दोन्ही समोर ठेवा आणि कुठे एकमेकांशी पटत नाहीत ते बघा. मग ते कागद घेऊन पारावर जा, आणि तेवढ्यावर थांबू नका, त्या अलग ठिपक्यांकडेही जा. बायकांना विचारा, पाणी कुठून आणायचात, सरपण कुठून आणायचात. त्या सांगतील त्या वाटा पेन्सिलीने नकाशावर काढा. बुडालेल्या गावांत वाढलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. नकाशे अजून पन्नास वर्षांनीही मिळतील. ही माणसं मिळणार नाहीत.

आता प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, त्या ताईंना माईक द्या.