पहिले कोण, आणि पुढे काय?

जोसेफ नीडहॅम यांच्या चिनी विज्ञानाच्या इतिहासाचा तिसरा खंड १९५९ साली प्रसिद्ध झाला. गणित, खगोल आणि पृथ्वीविषयक शास्त्रे असा त्याचा आवाका असून भूगोल व नकाशाशास्त्राला त्यात भरपूर जागा दिली आहे. आपल्याकडच्या लेखांत आणि प्रश्नमंजूषांत या ग्रंथातले काही झिरपते तेव्हा बहुधा एकच गोष्ट उरते : अमुक शोध चिन्यांनी युरोपच्या इतकी शतके आधी लावला.

शेन कुओचे उदाहरण घ्या. अकराव्या शतकातल्या या दरबारी अधिकाऱ्याला तायहांग पर्वताच्या कड्यात शिंपले आणि गोटे यांचा एक पट्टा दिसला. समुद्र तर तिथून कितीतरी दूर पूर्वेला. त्याने अनुमान काढले की, इथे एके काळी किनारा होता आणि मधली जमीन नद्यांच्या गाळाने तयार झाली. चुंबकसूची नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेकडे झुकते, हेही त्याने नोंदवले. नीडहॅम त्याला स्कॉटिश भूवैज्ञानिक हटनच्या पंक्तीला बसवतात. निरीक्षण तेवढ्या तोलाचे आहे, यात शंका नाही. पण ते तपासून पुढे नेणारी सलग परंपरा तिथे उभी राहिली नाही. आधुनिक विज्ञान चीनमध्ये का उदयाला आले नाही, हा प्रश्न खुद्द नीडहॅम यांनीच विचारला होता. आपण यादी ठेवली आणि प्रश्न गाळला, ही माझी तक्रार आहे.

एकट्या अनुमानाची मर्यादा कोकण किनाऱ्यावरही दिसते. वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधून झालेल्या खडकाला इथे करळ म्हणतात. तो भरतीरेषेच्या वर आढळला तर समुद्र पूर्वी उंच होता, की जमीन वर आली? नुसते पाहून सांगता येत नाही. उंची मोजावी लागते, शिंपल्यांचे वय काढावे लागते, दुसऱ्या ठिकाणच्या करळाशी ताडून पाहावे लागते.

शास्त्र कसे उभे राहते ते पाहायचे तर अलिबागला जावे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसू लागले, तेव्हा कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजमापे त्यामुळे बिघडणार हे उघड होते. नानाभाई मूस त्या वेळी संचालक होते. मोजमापे अलिबागला हलवण्यात आली. पण हलवताना १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जागेतला फरक कळावा आणि मालिका तुटू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप! मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणांचे विवेचन १९१० साली प्रसिद्ध केले. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्याची नोंद संशोधक आजही वापरतात. हे भूभौतिकी झाले, भूगोल नव्हे, असे कोणी म्हणेल. ती सीमा शाळेच्या वेळापत्रकाची आहे. पृथ्वीला ती ठाऊक नाही.

चीनमध्ये हे काम विसाव्या शतकात झाले. हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या झू कझेन यांनी १९२१ साली नानजिंगला भूविज्ञान-भूगोलाचा विभाग उभारला. १९७२ साली त्यांनी चीनच्या पाच हजार वर्षांच्या हवामानावर निबंध लिहिला. फुले उमलण्याच्या तारखा, सरोवरे गोठल्याच्या आणि संत्र्यांच्या बागा थंडीने मेल्याच्या जुन्या नोंदी हा त्याचा कच्चा माल होता. कोण पहिला, हे त्यांनी विचारलेच नाही. नोंद कुठली, कोणत्या दिवसाची आणि आजच्या तारखेशी किती जुळते, एवढेच पाहिले. स्वतःची हवामानाची दैनंदिनीही त्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत लिहिली. नीडहॅम यांचा खंड या निबंधाच्या आधीचा, तेव्हा त्यात तो नसल्याचा दोष त्यांना देता येणार नाही. आपल्या प्रश्नमंजूषांना मात्र ती सबब नाही.

किनाऱ्यावरच्या शाळेला एक नोंदवही सहज सुरू करता येईल. पक्क्या खडकावर किंवा जुन्या बांधावर एक खूण करावी आणि तिथून पुळणीवरच्या वाळूची पातळी पाणसळी लावून मोजावी. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, नंतर ती पुन्हा चढते. किती चढते, हे पाचसहा वर्षांच्या आकड्यांशिवाय कळणार नाही, म्हणून वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. मधे कधी खूण बदलावी लागली, तर काही महिने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही खुणांवरून मोजावे, अलिबागला केले तसे.