डिक्शनरीच्या वेषातले हेडर : पायथनच्या ईमेल पॅकेजचे परीक्षण

पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतले ‘ईमेल’ पॅकेज तुम्ही बहुधा संगणक नेटवर्कच्या प्रात्यक्षिकात पहिल्यांदा उघडता. मेल वाचा, प्रेषक आणि विषय छापा, विषयापुढे एखादा शब्द जोडून मेल पुढे पाठवा, एवढेच काम असते. तासाभरात प्रोग्राम चालतो आणि प्रश्न सुटला असे वाटते. या टिपणातील मुद्दा असा की ज्या प्रोग्रामवर तुम्ही समाधान मानता तो बऱ्याचदा फक्त इंग्रजी मेलवर चालत असतो, आणि त्याचा दोष सगळा तुमचा नसतो. पॅकेजची रचनाच तुम्हाला त्या वाटेने नेते. (फंक्शनांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती रोमन लिपीत, आणि दोन शब्दांचे नाव असेल तर मध्ये अंडरस्कोर.)

आधी हेडर म्हणजे काय ते पाहू. १९८२ च्या आरएफसी ८२२ पासून २००८ च्या आरएफसी ५३२२ पर्यंत मूळ कल्पना तीच आहे: मेलच्या मजकुरापूर्वी येणाऱ्या ओळींची एक यादी. प्रत्येक ओळीत नाव, अपूर्णविराम आणि मूल्य. यादी म्हटले की दोन गोष्टी आल्या. क्रमाला अर्थ असतो आणि एकच नाव पुन्हा येऊ शकते. ‘रिसीव्ह्ड’ हे हेडर घ्या. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्ह्ड’ ओळ सर्वांत वर चिकटवतो. म्हणून मेलचा प्रवास खालून वर वाचायचा. त्यातही तुमच्या स्वतःच्या सर्व्हरने लावलेल्या ओळींवरच भरवसा ठेवायचा, कारण त्याखालच्या ओळी कोणीही खोट्या घालू शकतो.

आता पायथनने या यादीला कोणता वेष दिला आहे ते पाहा. मेसेज ऑब्जेक्टपुढे चौकटी कंस काढून त्यात ‘सब्जेक्ट’ लिहिले की विषय मिळतो. कंसाला काही नेमले की हेडर तयार होते, ‘डेल’ने ते जाते, ‘इन’ने आहे की नाही ते कळते. म्हणजे हुबेहूब डिक्शनरी. पहिल्या सत्रात तुम्ही डिक्शनरीचे जे नियम पाठ केलेत ते येथे लागू असतील असे तुम्ही धरून चालता. ते लागू नाहीत. नसलेली किल्ली मागितली तर डिक्शनरी ‘कीएरर’ देते, येथे गुपचूप ‘नन’ मिळतो. नसलेली किल्ली पुसायला गेलात तरी तक्रार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: नेमणुकीने जुने मूल्य बदलत नाही, नवी ओळ यादीच्या शेवटी जोडली जाते. विषय बदलला असे समजून तुम्ही पुढे जाता आणि मेलमध्ये दोन विषय असतात. त्यानंतर पुन्हा विषय मागितलात तर कोणता मिळेल? अशा वेळी कोणता मिळेल हे अनिश्चित आहे, असे दस्तऐवजातच लिहिलेले आहे. प्रत्यक्षात पहिला, म्हणजे जुनाच मिळतो. तुम्ही प्रिंट करून पाहता, बदल दिसत नाही, म्हणून पुन्हा नेमता. आता विषय तीन झाले.

याचे समर्थन नाही असे नाही. ‘रिसीव्ह्ड’सारखी हेडर अनेकदा येतात, तेव्हा नेमणूक म्हणजे जोडणे हा अर्थ तर्काला धरून आहे. पण मग त्याला नेमणुकीचे रूप का द्यावे? जावाच्या मेल लायब्ररीत ‘सेट हेडर’ आणि ‘ॲड हेडर’ अशा दोन वेगळ्या मेथड आहेत. एक बदलते, दुसरी जोडते, आणि ‘गेट हेडर’ सरळ स्ट्रिंगचा ॲरे परत देते. लिहिणाऱ्याला कोणते काम करायचे आहे ते आधी ठरवावेच लागते. गो भाषेच्या प्रमाणित पॅकेजमध्ये हेडर हा नाव आणि मूल्यांच्या यादीचा मॅप आहे. तेथे पुनरावृत्ती टिकते, पण वेगवेगळ्या नावांमधला परस्पर क्रम हरवतो. प्रत्येकाने काही ना काही गमावले आहे. पायथनने काहीच गमावले नाही, क्रमही राखला आणि पुनरावृत्तीही राखली, फक्त वरचे लेबल चुकीचे लावले. पुनरावृत्ती वाचायला ‘गेट ऑल’ आहे, जागच्या जागी बदलायला ‘रिप्लेस हेडर’ आहे. ‘रिप्लेस हेडर’ ओळीची जागा आणि नावातली लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी ठेवते आणि हेडर नसेल तर ‘कीएरर’ही देते. म्हणजे हवे होते ते सर्व या एका मेथडमध्ये आहे. पण कंस समोर दिसत असताना तिच्याकडे कोण वळणार?

दुसरा मुद्दा आपल्या भाषांचा, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. हेडर मूळचे फक्त आस्की अक्षरांचे. मराठी, तमिळ किंवा बंगाली विषय त्यात बसवण्यासाठी १९९६ च्या आरएफसी २०४७ ने एक युक्ती दिली: मजकुराचे बाइट बेस-६४ किंवा तत्सम सांकेतिक रूपात बदलायचे आणि पुढे-मागे अक्षरसंचाचे नाव व प्रश्नचिन्हे लावून त्याचा एक ‘एन्कोडेड वर्ड’ करायचा. अशा एका शब्दाची लांबी ७५ अक्षरांहून जास्त चालत नाही. आता हिशेब करा. ‘परीक्षेचे वेळापत्रक’ या विषयात, मात्रा आणि हलन्त वेगवेगळे मोजून, १९ कोड पॉइंट आहेत. त्यांतले १८ देवनागरी, प्रत्येकी यूटीएफ-८ चे तीन बाइट, आणि एक मोकळी जागा: एकूण ५५ बाइट. बेस-६४ मध्ये त्यांची ७६ अक्षरे होतात. म्हणजे दोन साध्या शब्दांचा विषयसुद्धा एका एन्कोडेड वर्डमध्ये मावत नाही. इंग्रजीत याच्या दुप्पट लांबीचा विषय काहीही न करता जातो. त्यामुळे भारतीय भाषांतला जवळजवळ प्रत्येक खराखुरा विषय तुकड्यांत येतो, आणि तुकडा शब्दाच्या मधोमध पडू शकतो: ‘वेळाप’ एकीकडे, ‘त्रक’ दुसरीकडे. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा वाचताना गाळायची असा नियम आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन लावून स्वतःच तुकडे उलगडणारा प्रोग्राम हा नियम हमखास विसरतो आणि सूचनाफलकावर ‘वेळाप त्रक’ उमटते.

पॅकेजच्या जुन्या पद्धतीत विषय मागितला की हा सांकेतिक मजकूर जसाच्या तसा हाती पडतो. तो उलगडायला ‘डीकोड हेडर’ हे फंक्शन आहे. तुकडे जोडायचे काम ते बरोबर करते, पण देते काय? जोड्यांची यादी: मजकूर आणि त्याचा अक्षरसंच. विषयात एकही एन्कोडेड वर्ड नसेल तर मजकूर स्ट्रिंग असतो. एक जरी असला तर सगळेच मजकूर बाइट असतात, आणि जो भाग साधा होता त्याच्या अक्षरसंचाच्या जागी ‘नन’. एकाच फंक्शनचे परतमूल्य आतल्या मजकुरानुसार प्रकार बदलते. मग अनेक ठिकाणी जसाच्या तसा नकलला जाणारा तो कोड पाहा: यादीतली पहिली जोडी घ्या, बाइट असतील तर तिच्या अक्षरसंचाने उलगडा. निव्वळ इंग्रजी विषयावर तो चालतो. निव्वळ मराठी विषयावरही चालतो. पण कोणी उत्तर पाठवले आणि विषयाआधी इंग्रजीत ‘आर-ई’ आणि अपूर्णविराम लागले, की पहिली जोडी तेवढ्याच अक्षरांची असते आणि तिचा अक्षरसंच ‘नन’. ‘डीकोड’ला ‘नन’ दिला की ‘टाइपएरर’. तो टाळायला कोणी ‘नन असेल तर यूटीएफ-८’ अशी ठिगळपट्टी केली, तर चूक दिसेनाशी होते आणि मराठी विषय मात्र संपूर्ण गळून जातो; उरतो तो नुसता ‘आर-ई’. परीक्षक इंग्रजी मेलवर तपासतो, गुण मिळतात.

आता न्यायाने बोलायचे तर पॅकेजच्या कर्त्यांना हे सारे ठाऊक होते. पायथन ३.३ मध्ये ‘पॉलिसी’ ही कल्पना आली, त्यानंतर ‘ईमेल मेसेज’ हा नवा क्लास आला, आणि ३.६ पासून ही रचना पक्की मानली गेली. नवी पॉलिसी लावली की विषय मागताच उलगडलेली स्ट्रिंग मिळते. प्रेषकाच्या हेडरमधून नाव, वापरकर्ता आणि डोमेन वेगवेगळे काढता येतात. दुसरा विषय नेमायला गेलात तर ‘व्हॅल्यूएरर’ येतो, कारण हे हेडर एकदाच असू शकते हे त्या ऑब्जेक्टला माहीत असते. मूल्यात ओळ तोडणारे चिन्ह असेल तर तेही नाकारले जाते. हे शेवटचे फार मोलाचे आहे: वेबफॉर्ममधून आलेले नाव तुम्ही विषयात घातलेत आणि त्यात कोणी नवी ओळ करून ‘बीसीसी’ची भर टाकली, तर तुमचा सर्व्हर त्याची टपाल वाहू लागतो. जुनी पॉलिसी नेमताना काहीच बोलत नाही. मजकूर तयार करतानाच्या तपासणीतही फट होती. ती सुरक्षा-त्रुटी म्हणून २०२४ मध्ये नोंदली गेली आणि बुजवली गेली.

तर मग तक्रार कशाची? डीफॉल्टची. ‘ईमेल मेसेज’ तुम्ही स्वतः बनवलात तर त्याला नवी पॉलिसी मिळते. पण आलेला मेल ‘मेसेज फ्रॉम बाइट्स’ने वाचलात आणि पॉलिसी सांगितली नाहीत, तर ‘कॉम्पॅट ३२’ ही जुनी पॉलिसी आणि जुना क्लास मिळतो. एकाच प्रोग्रामात पाठवायचा मेल दुसऱ्या विषयाला हरकत घेतो आणि वाचलेला मेल घेत नाही. जुने प्रोग्राम मोडू नयेत हे कारण मला मान्य आहे. कोट्यवधी ओळींची जबाबदारी असलेल्या लोकांना ते टाळता येत नाही. पण डीफॉल्ट हा नवशिक्यासाठी असतो. अनुभवी माणूस पॉलिसी लिहितोच, नवशिक्याला ती आहे हेच माहीत नसते. जो पर्याय धोक्याचा तो न मागता मिळावा आणि जो सुरक्षित तो मागून घ्यावा लागावा, ही उलटी वाटणी आहे.

म्हणून मेल वाचणाऱ्या प्रत्येक ओळीत पॉलिसी स्पष्ट लिहा, आणि बदल करायचा असेल तर ‘रिप्लेस हेडर’ वापरा. प्रयोगासाठी किमान तीन मेल ठेवा: एक इंग्रजी, एक आपल्या भाषेतला, आणि एक त्या दुसऱ्याला आलेले उत्तर.

नव्या पॉलिसीतही एक खाच आहे, तिची कल्पना असू द्या. वाचलेला मेल काहीही न बदलता पुन्हा लिहिला, तरी ७८ अक्षरांहून लांब ओळी असलेली हेडर ती नव्याने घडी घालते, आणि त्या ओघात एन्कोडेड वर्ड वेगळ्या जागी तुटू शकतात. माणसाला फरक दिसत नाही, पण डीकेआयएम सही हेडरच्या अक्षरांवर केलेली असते. सहीची सौम्य पद्धत मोकळ्या जागांचा फरक माफ करते, वेगळ्या जागी तुटलेल्या सांकेतिक शब्दांचा नाही. विषय सहीत घेतलेला असेल तर ती मोडते. मेल नुसता पुढे सरकवणारा फिल्टर लिहीत असाल तर पॉलिसीतला ‘रिफोल्ड सोर्स’ हा पर्याय ‘नन’ या स्ट्रिंगवर ठेवा. अवतरणचिन्हांसकट, कारण येथे पायथनचा ‘नन’ ऑब्जेक्ट अपेक्षित नाही.