दोन कलमांचा चाकू

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मी एक घडीचा चाकू घेतला, त्याला आता बारा वर्षं झाली. किंमत नव्वद रुपये. लाकडी मूठ, तीन पितळी खिळे, एक पातं. मिटला की तळहातात मावतो, उघडला की वितीला थोडा कमी भरतो. त्यानंतर कराड, विटा, आटपाडी, म्हसवड, तासगाव अशा बाजारांतून असे चाकू घेत गेलो. आज घरातल्या पत्र्याच्या डब्यात तेवीस आहेत आणि दोनशे रुपयांच्या वरचा त्यात एकही नाही. खिशात मात्र कायम पुसेगावचाच असतो.

कवितेचं रसग्रहण करतात तसं या चाकूचं करावं, असं फार दिवस मनात आहे. यात एकही भाग भरीचा नाही आणि जो आहे त्याला काम नेमून दिलेलं आहे. जात्यावरच्या ओवीचं आपण याच गुणासाठी कौतुक करतो. आणखी एक साम्य आहे. ओवीखाली कुणाचं नाव नसतं, तसं या पात्यावरही कुणाचं नाव नाही.

सुरुवात मुठीपासून करू. लोखंडी पत्र्याच्या दोन्ही अंगांना शिसवी लाकडाच्या दोन फाळक्या बसवल्या आहेत. मधे थोडी फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. हा फुगवटा शोभेचा नाही. चाकू आपल्याकडे ओढताना घामेजलेला हात मुठीवरून घसरू नये म्हणून तो आहे. मागच्या टोकाला एक भोक आहे. माझ्या लहानपणी गावातली म्हातारी माणसं अशा भोकात दोरी ओवून चाकू करदोड्याला बांधून ठेवत. पात्याच्या पाठीलगत नखाएवढी खाच आहे. त्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवलं की पातं बाहेर येतं. नख लावल्याशिवाय ते येत नाही, म्हणजे खिशात आपोआप उघडायची भीती नाही. एवढ्याशा खाचेत एवढा विचार आहे.

आता घडी. चाकूच्या रचनेचा गाभा इथे आहे, कारण सुरी सगळ्यांना जमते, पण स्वतःची धार स्वतःच्या पोटात ठेवणं अवघड. आपल्या बाजारातल्या चाकूत मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, तिला कमान म्हणायचं. पात्याची टाच तिच्यावरून फिरते. मिटताना कमान पात्याला आत ओढते, अर्ध्यावर ताणून धरते आणि पूर्ण उघडलं की ‘खट्’ आवाज करून थोपवते. तो आवाज ही चाकूची साक्ष आहे. स्वच्छ, एकेरी आला तर खिळा घट्ट आहे. भरडा आला तर आत माती तरी आहे किंवा खिळा तरी सैल झाला आहे.

जगात इतरांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी चाकू केला. त्यात कमान नव्हती. लाकडी मुठीला एक फट आणि आरपार एक खिळा, बस. पातं पक्कं अडकवणारं फिरतं कडं त्याला १९५५ मध्ये आलं. जपानमधल्या मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ तर वाकवलेल्या पत्र्याच्या मुठीचा. पात्यालाच मागे एक शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून धरली तर पातं उघडं राहतं. हे दोन्ही चाकू गरिबांच्या खिशातले, आणि दोन्ही आज जगभर मानाने जमवले जातात. आपला कमानीचा चाकू त्यांच्या पंगतीला बसण्याच्या योग्यतेचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. कमान पात्याला थोपवते, अडकवत नाही. पात्याच्या पाठीवर जोर आला तर ते मिटतं. एकदा नारळाच्या करवंटीला टोक लावून भोक पाडायला गेलो आणि पातं तर्जनीवर मिटलं. वण अजून आहे. तेव्हापासून कळलं, या चाकूने कापायचं, टोचायचं नाही. धारेच्या दिशेने तुम्ही कितीही जोर लावा, तो साथ देतो. उलट्या दिशेला तो कुणाचाच नाही.

पातं साध्या पोलादाचं आहे, न गंजणारं नव्हे. कैरी कापली की काळवंडतं, लिंबू कापलं की निळसर डाग धरतं, ओलं ठेवलं तर रात्रीत तांबूस होतं. बारा वर्षांच्या कैऱ्यालिंबांनी त्यावर करड्या रंगाची एक साय धरली आहे आणि त्या सायीमुळेच आता गंज कमी चढतो. हे पोलाद निसण्यावर लवकर धार घेतं आणि तितक्याच लवकर घालवतं. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी बसावं लागतं. दगड ओला करायचा, पातं जरासं तिरपं धरायचं, दोन्ही बाजूंना सारख्या ओढी द्यायच्या. आपल्याकडे धार नुसती लावत नाहीत, ‘पाजतात’. लोहार किंवा घिसाडी तापल्या पोलादाला ‘पाणी देतो’. लोखंडाबद्दल बोलताना तहानेचे शब्द वापरणाऱ्या या भाषेला ठाऊक आहे की पातं एकदा घडवून संपत नाही, ते सांभाळावं लागतं. स्वस्त चाकूची खरी किंमत इथे द्यावी लागते. नव्वद रुपये एकदाच दिले, पण धार दर पंधरवड्याला द्यावी लागते, आणि ती विकत मिळत नाही. पिकल्या टोमॅटोच्या सालीत पातं न दाबता उतरलं की समजावं, देणं फिटलं.

आता आशयाकडे येतो. हा चाकू कशासाठी? आमच्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाचं उत्तर एकाच शब्दात सापडतं आणि तो शब्द ‘कलम’. चाकू आणि कलम हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथे येऊनही एकमेकांना सोडून राहिले नाहीत.

पहिलं कलम साताऱ्याचं. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि पुढे या गावातून राज्याची पत्रं, सनदा, हिशेब लिहिले गेले. ते सगळं मोडीत आणि बोरूने. बोरूचं टोक लिहून लिहून झिजतं. मग ते पुन्हा तासावं लागतं. आधी तिरपा छाट, मग टोकाला बारीक चीर. ही चीर नसेल तर शाई खाली उतरत नाही, आणि वाकडी गेली तर अक्षर फुटतं. म्हणून लिहिणाऱ्याजवळ दौतीइतकाच चाकू आवश्यक. फारसीत त्याला नावच ‘कलमतराश’, म्हणजे कलम तासणारा. इंग्रजीतही खिशातल्या छोट्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात, ते पिसाची लेखणी तासण्यावरूनच. मोडी कागदांच्या राशींकडे आपण अक्षरं म्हणून पाहतो. त्यातल्या प्रत्येक अक्षराआधी कुणीतरी चाकू चालवलेला आहे.

दुसरं कलम सांगलीचं, आणि ते आजही चालू आहे. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठे महांकाळ या पट्ट्यातली द्राक्षबाग बहुतेक ठिकाणी दोन वेलींची मिळून झालेली असते. मुळं ‘डॉगरिज’ या मूळ टेक्सासच्या रानटी वेलीची, कारण ती खारवट पाण्याला आणि पाणीटंचाईला टिकते. वरची वेल गोड द्राक्षाची. कधी थॉमसन, कधी तास-ए-गणेश, जी याच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेत थॉमसनमधूनच निवडली गेली. मुळांचा खुंट आधी लावतात, आणि साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, हवेत ओल असताना, त्यावर पाचर कलम करतात.

ते काम मी तासगावच्या एका बागेत सकाळभर उकिडवा बसून पाहिलं. कलम करणाऱ्या तरुणाच्या हातात माझ्या चाकूचाच भाऊ होता, फक्त धार एकाच बाजूची. दुसरी बाजू सपाट, ती काडीवर टेकते आणि काप आरशासारखा येतो. त्याने पेन्सिलीच्या जाडीचा खुंट आडवा छाटला आणि मधोमध उभी चीर दिली. मग दोन डोळ्यांची काडी घेऊन तिचं खालचं टोक दोन्हीकडून एकेका ओढीत पाचरीसारखं तासलं, चिरेत बसवलं आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. सालीखालचा हिरवा पातळ थर खुंटाचा आणि काडीचा एकमेकांना भिडला पाहिजे. तो भिडला तरच रस वर चढतो. मी विचारलं, काप पुन्हा सारखा केला तर? तो म्हणाला, “न्हाई काका, एका ओढीत आलं पायजे. दुसऱ्यांदा चाकू लावला की ती काडी टाकायची.” दोन-तीन आठवड्यांनी त्या बागेत पुन्हा गेलो, तेव्हा डोळे फुटले होते.

इथे मला या चाकूचा अर्थ लागला. साताऱ्याच्या बोरूला चीर, तासगावच्या खुंटालाही चीर. तिथून शाई उतरते, इथून रस चढतो. दोन्हीकडे चाकू तोडण्यासाठी लावलेला नाही, वाट करून देण्यासाठी लावला आहे. आणि दोन्हीकडे धार बोथट असेल तर काम फसतं. अक्षर फुटतं, नाही तर काडी वाळते.

याच मुलखात धारेचा आणखी एक प्रवास झाला. मिरजेत शस्त्रांना धार देणारी शिकलगार घराणी होती. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि पुढे घडवायला घेतली. त्यातून मिरजेचा सतारमेकरांचा व्यवसाय उभा राहिला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पात्याचा बाक डोळ्याने जोखणारा हात भोपळ्याचा बाक जोखू लागला. धारेवर बसलेला हात वाया जात नाही, याचा याहून मोठा दाखला माझ्याजवळ नाही.

म्हणून मी चाकू जमवतो. दुर्मीळ म्हणून नव्हे, तर प्रत्येक बाजारचा हात वेगळा म्हणून. आटपाडीचा जाड पाठीचा, विट्याचा चिंचोळा, म्हसवडचा मुठीला शिंगाच्या फाळक्या असलेला. विकत घेताना मी चार गोष्टी बघतो. उघडलेलं पातं बाजूला हलतं का. मिटलेलं पातं दोन फाळक्यांच्या बरोबर मधे बसतं का. धार आत कमानीवर आपटते का, कारण आपटली तर रोज बोथट होणार. आणि शेवटी तो आवाज. मूठ चमकते का, हे मी बघत नाही.

ज्यांना असा चाकू जवळ ठेवायचा आहे त्यांनी मर्यादा पाळावी. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून मोजले आहेत, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू अवजार आहे, त्याला अवजारासारखंच वागवावं. जमावबंदी असेल, मिरवणूक असेल, विमानतळावर जायचं असेल तर तो घरी ठेवावा. फोटोसाठी उघडू नये, गंमत म्हणून कुणावर रोखू नये. दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर मिटून द्यावा. चाकूला वाईट नाव लागतं ते दाखवणाऱ्यांमुळे, वापरणाऱ्यांमुळे नाही.

माझ्या चाकूचं पातं आता गव्हाच्या दाण्याएवढं झिजलं आहे. ते सगळं निसण्यावर गेलं आणि त्याच्या बदल्यात बारा वर्षं धार मिळाली. यंदा पुसेगावला, म्हसवडला किंवा तुमच्या गावच्या यात्रेला गेलात तर अवजारांच्या दुकानापाशी थांबा. कमानीचा आवाज ऐकून एक साधा चाकू घ्या, आणि घरी आल्यावर आजोबांचा निसणा कुठे ठेवला आहे ते आधी शोधा.